दुपारचा फुगा

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही. गावच्या देवळातही नाही — तिथे सांगायचं म्हणून जायची, हात जोडायची आणि भलतंच काहीतरी मागून परत यायची. तुम्हाला सांगते कारण तुम्ही मला ओळखत नाही. आठवीत शाळा सुटली, लिहायची सवय नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या — नको. हे शब्द इथे नकोत. पुढे जे आहे ते सांभाळून घेण्यासारखं नाही.

मी मुलुंडच्या एका हॉस्पिटलात मावशी आहे. मावशी म्हणजे चादरी बदलणारी, बेडपॅन देणारी, पेशंटला पुसून घेणारी. कुणी गेलं तर त्याला शेवटचं स्वच्छ करून बांधणारीसुद्धा. विशीतच मी सगळ्या वॉर्डाची मावशी झाले. माझ्या आजोबांच्या वयाची माणसं मला मावशी म्हणतात. आमचं गाव वैभववाडीच्या वर, घाटाच्या पायथ्याशी. तिथे मला नावाने हाक मारतात. इथे माझं नाव फक्त गळ्यातल्या कार्डावर आहे.

आमचा फुगा काय होता ते आधी सांगायला हवं. नाहीतर पुढचं कळणार नाही.

एकदा ऑफिसने ठरवलं की स्टाफला फार टेन्शन आहे, त्यावर कार्यक्रम घ्यायचा. टाय लावलेले एक साहेब आले. तळघरातल्या हॉलमध्ये आम्हाला गोल उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या, हा हा हो हो करून हसायला लावलं. डबल ड्युटी करून आलेल्या दोन सिस्टर भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपल्या. आमच्या फिलोमिना सिस्टर — वॉर्डच्या इनचार्ज, मरोळच्या जुन्या गावठाणातल्या, पिढ्यान्‌पिढ्या तिथल्याच — त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "गो बाय, ह्या बाबाला आधी एक ड्युटी करायला लावा. मग बघू किती हसतो!"

नुसतं बोलून त्या थांबल्या नाहीत. एकेकाला गाठून विचारायला लागल्या — तुला काय खातं? सिस्टरना विचारलं, वॉर्डबॉय मामांना विचारलं, आणि मलाही. मला तोवर मुंबईत कुणी काही विचारलं नव्हतं. मी आधी 'काय नाय सिस्टर' म्हटलं. त्या हलल्याच नाहीत. मग मी म्हटलं, बॉडी बांधून झाली की हात धुवायच्या आत कुणीतरी हाक मारतं — मावशी, चहा आण. तेव्हा कसंतरी होतं.

दुसऱ्या आठवड्यापासून नियम झाला. बॉडी बांधून आलेल्या माणसाला थोडा वेळ कुणी हाक मारायची नाही. त्याने बसायचं. कॉरिडॉरमध्ये बसण्यासाठी एक खुर्चीही आली. ती खुर्ची माझ्यामुळे आली, समजताय ना? अजून तिच्याजवळून जाताना मी तिला हात लावते.

आणि फुगा. दुपारी ड्युटी बदलते तेव्हा चादरींच्या खोलीत सगळ्यांनी बसायचं, गाठोड्यांवरच, सिस्टर आणि मावश्या एकाच गाठोड्यावर. बंद पडलेल्या बीपी मशीनचा रबरी फुगा हातातून हातात फिरायचा. ज्याच्या हातात फुगा त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. बोलवत नसेल तर नुसता दाबायचा आणि हवा सोडायची — फुस्स. तेही चालायचं. मेट्रन मॅडम आधी तयार नव्हत्या, ड्युटीच्या वेळेत गप्पा कसल्या म्हणायच्या. फिलो सिस्टरनी भांडून पाव तास मिळवला. अट एकच, वॉर्डात एक सिस्टर राखणीला राहायची. आणि फिलो सिस्टरची आमच्यासाठी एक अट — इथलं इथंच. या खोलीतला शब्द बाहेर जायचा नाही.

स्नेहल सिस्टर आमच्यात सगळ्यात लहान. मानखुर्दची. तोंडाने फटाकडी, पण आतून घाबरट. मला म्हणायची, "तुम्ही माझ्या ताईएवढ्या ओ, मावशी कसली बोलू?" आणि मग मावशीच म्हणायची. तिला एक खोड होती. घरी पोचली की वॉर्डात फोन करायची, मी अमुक केलं ना, तमुक बंद केलं ना? फोन उचलणारी ओरडायची, "केलंस गं बाई, सगळं केलंस, जेव आता!" आणि खरंच, प्रत्येक वेळी तिने केलेलंच असायचं.

एकदा फुगा तिच्या हातात आला तेव्हा ती बराच वेळ नुसता दाबत राहिली. मग म्हणाली, मला डॉक्टरांनी घाबरण्यावर गोळी चालू केलीय. म्हणाली, कधी कधी मी काय केलं तेच मला आठवत नाही. माझा माझ्या हातांवर भरवसा नाही. कुणी हसलं नाही. फिलो सिस्टर म्हणाल्या, "पोरी, आम्हाला आहे ना भरवसा. आमच्यातला घे थोडा." तिच्या शेजारच्या गाठोड्यावर मी होते. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हा हात.

आता त्या दुपारचं.

खिडकीजवळच्या पलंगावर एक आजोबा होते. घाटकोपरचे, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनगिरी केलेले. तापात बडबडायचे, उठून कामावर निघायचे. म्हणून त्यांच्या पलंगाचे दोन्ही कठडे कायम वर ठेवायचे, हे सगळ्यांना माहीत होतं. मी त्यांची चादर बदलत होते. चादर बदलताना कठडा खाली घ्यावा लागतो. त्याच वेळी चादरींच्या खोलीतून हाक आली, मावशी, चला, फुगा! त्या दिवशी माझी पाळी होती. मला बोलायचं होतं. आदल्या दिवशी मी एका लहान मुलीला बांधलं होतं आणि ते माझ्या आत अडकून बसलं होतं. राखणीला स्नेहल होती. म्हणाली, "जावा मावशी, मी हाय ना. आजोबांना पाणी पण मी देते." मी चादर खोचली, मळकी चादर काखेत मारली आणि निघाले.

कठडा?

वर केला की नाही, हे मला आठवत नाही असं म्हणता आलं असतं. म्हणून बघितलं आहे, स्वतःशी, कितीदा तरी. पण मला आठवतं. कठडा वर जाताना खट्ट आवाज करतो. त्या दिवशी खट्ट झालं नव्हतं.

माझ्या हातात फुगा होता, मी त्या मुलीच्या केसांतल्या रिबिनीबद्दल सांगत होते आणि वॉर्डातून धप्प असा आवाज आला.

आजोबा वाचले. मनगट मोडलं, कपाळाला टाके पडले. त्यांच्या मुलाने सगळा मजला डोक्यावर घेतला. चूक तरी काय त्याची?

दुसऱ्या दिवशी मेट्रन मॅडमनी मला बोलावलं. तिथे आमच्या कंत्राटदाराचा सुपरवायझरही उभा होता. आम्ही मावश्या हॉस्पिटलच्या नाही, कंत्राटदाराच्या. 'उद्यापासून येऊ नको' एवढंच म्हटलं की संपलं. झोपायची खोलीही त्याचीच, भांडुपला, आम्ही सहाजणी तिथे. गावी माझ्या खोलीत भावाने वहिनीची शिलाई मशीन ठेवली होती. परत गेले असते तर निजणार कुठे, असा विचार त्या क्षणी डोक्यात आला. बघा, एवढं सुचलं मला. खरं सोडून सगळं सुचलं.

मॅडमनी विचारलं, "मावशी, तू निघालीस तेव्हा कठडा वर होता?"

मी म्हटलं, "हो. वर होता."

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ — पण नाही. मॅडम माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. ती नजर मला सोसवेना. मी म्हटलं, नंतर स्नेहल सिस्टर गेल्या होत्या आजोबांना पाणी द्यायला. मग मी म्हटलं, त्यांना गोळी चालू आहे ना. काय केलं ते त्यांना आठवत नाही कधी कधी. त्यांनीच सांगितलंय. फुग्यात.

कुणी मला धमकावलं नव्हतं. फुग्याबद्दल कुणी विचारलंही नव्हतं. मी आपणहून दिलं, चहाचा कप पुढे करावा तसं.

आणि खरी भयंकर गोष्ट याच्यापुढे आहे. स्नेहल भांडली नाही. मला वाटलं होतं भांडेल, ओरडेल, मग मीही काहीतरी बोलेन आणि त्या गडबडीत खरं बाहेर पडेल. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, पाणी दिलं मी. कठड्याला हात लावल्याचं आठवत नाही. पण लावला असेल. माझ्याकडूनच झालं असेल. ती स्वतःहून काम सोडून गेली. जाताना चादरींच्या खोलीत मला भेटायला आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "सॉरी मावशी. माझ्यामुळे तुमच्यावर आलं असतं." आणि माझ्या पाया पडायला वाकली.

मी तिला वाकू दिलं.

तिची गोळी मॅडमना कशी कळली हे तिने कुणाला विचारलंच नाही. पण बाकीच्यांना कळलं की आपल्यातल्याच कुणीतरी सांगितलं. फुगा फिरायचा आणि प्रत्येक जण नुसतं फुस्स करून पुढे द्यायचा. एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. थोड्या दिवसांनी ऑफिसने तो बंद केला. बंद करायला काही उरलंच नव्हतं म्हणा. फिलो सिस्टर मला म्हणाल्या, "माझंच चुकलं गो. पोरींना बोलतं केलं आणि राखायला नाय जमलं मला." त्यांना सगळ्यांचा संशय आला असेल, माझा आला नाही. मी गावाकडची, गरीब, कमी बोलणारी. उलट रिटायर होताना त्यांनी फुगा माझ्या हातात दिला. "तू जप. कधीतरी परत चालू होईल." नाताळला अजून त्यांच्याकडून डबा येतो माझ्यासाठी. मी तो एकटी खाते. कुणाला देत नाही, का ते मलाही सांगता येणार नाही.

एका सुट्टीला मी मानखुर्दला गेले होते. सांगायचंच ठरवून गेले. स्नेहलच्या आईने चहा केला, पोहे केले, म्हणाली, "एवढं मोठं हॉस्पिटल, पण तू एकटीच आलीस गं बघायला." स्नेहल एका कपड्यांच्या दुकानात लागली होती. मी विचारलं, परत नर्सिंग करणार नाही का? तिने नुसती नकाराची मान हलवली. आई बाजारात गेली होती, म्हणून आम्ही निघालो तेव्हा तिने दाराला कुलूप लावलं, ओढून बघितलं, दोन पावलं चालली, परत आली, परत ओढून बघितलं. माझ्याकडे बघून ओशाळं हसली. पूर्वी ती फोन करायची आणि कुणीतरी सांगायचं, केलंस गं बाई. आता तिला तसं कोण सांगणार? एकच माणूस सांगू शकत होतं. ते तिच्याबरोबर रिक्षा स्टँडपर्यंत चालत गेलं आणि बसताना म्हणालं, तब्येतीला जप.

आता फुगा परत सुरू झाला आहे. नव्या इनचार्ज सिस्टर तरुण आहेत, ऑफिसही आता त्याचं कौतुक करतं, पाहुणे आले की दाखवतं. जुन्यांपैकी मी एकटीच उरले, म्हणून सुरुवात मी करायची असं ठरलंय. नव्या मुलींना मी नियम सांगते. माझ्या हातात फुगा आला की मी दाबते आणि सोडते. फुस्स. सगळे हसतात — "आपल्या मावशीला टेन्शनच नाय, झकास आहे!" कठडे मी येता-जाता ओढून बघते, त्याचंही कौतुक होतं. मावशीसारखी काळजी कुणी घेत नाही म्हणतात. ते ऐकताना मी कुठे बघावं?

गेल्या आठवड्यात एक नवी सिस्टर आली, केरळची नाही, आपल्याच सांगलीकडची. घर सोडून पहिल्यांदाच इतक्या लांब आलेली. फुगा हातात धरून बसली, दाबेना की सोडेना. मग हळूच माझ्याकडे वळली.

"मावशी, इथलं खरंच इथंच राहतं ना?"

मी म्हटलं, "हो गं. इथलं इथंच."

आणि ती बोलायला लागली.

कठडा मी खाली ठेवला होता. स्नेहलने त्याला हातसुद्धा लावला नव्हता.