कुंकू लावलेलं विमान

सासूनं विमान चुलीत घातलं तेव्हा मी भाकरी थापत होते. वाळल्या जोंधळ्याच्या ताटांचं, म्हणजे धाटांचं, विमान ते. भसकन पेटलं आणि विझलं. त्या जाळावर अर्धी भाकरीसुद्धा भाजली नसती. मला ते करायला उन्हाळा गेला होता.

नवरा फौजेत होता, ब्रह्मदेशाच्या लढाईवर. पलूसजवळच्या घरात मी आणि सासू, दोघीच. मूलबाळ नव्हतं. सासू कामापुरतं बोलायची. शेवटच्या सुट्टीत नवरा सांगून गेला होता की तिकडं रानात जखमी झालेला माणूस चिखलात तसाच पडून राहतो, विमान उतरायला जागा नसते. तो गेला तरी ते माझ्या डोक्यातून जाईना. कुणाशी बोलावं असं माणूस नव्हतं. म्हणून मी विमान करायला घेतलं.

लढाऊ विमान मी एकदाच बघितलं होतं. बिघडून कडेगावकडच्या माळावर उतरलं तेव्हा गावच्या गाव बघायला लोटलं होतं. नाक, पंख, शेपूट मी तसंच केलं. ताटाच्या आतलं भेंड अंगाला, वरच्या सालीच्या कांब्या पंखांना, खिळ्यांच्या जागी बाभळीचे काटे. पोरं अशाच बैलगाड्या करतात. पण चाकं मी गाडीच्या चाकांसारखी मोठी लावली, दाणे काढलेल्या मक्याच्या बुरकुंडाच्या चकत्या कापून, चिखलात रुतू नयेत म्हणून. बंदुका लावल्याच नाहीत. पोटाखाली चिंधीची झोळी बांधली, एक माणूस निजेल अशी. असलं विमान कुठल्याच फौजेत नव्हतं. असतं तर नवरा कुठंही पडला तरी उचलून आणता आला असता.

आमच्याकडं नवा नांगर आला तरी आधी कुंकू लागतं. विमानाला कपाळ नसतं. मी दोन्ही पंखांवर ओल्या कुंकवाचे मोठे गोल काढले आणि विमान कोनाड्यात ठेवलं. सासूनं नावं ठेवली नाहीत. एकदा तर तिला त्यावरची धूळ झटकताना मी बघितलं.

मग भावकीतला एक दीर पायाला गोळी लागून सुट्टीवर आला. सासूला भेटायला आला आणि कोनाड्यापाशीच थांबला.

"वैनी, ह्ये कुणी केलं?"

मी केलं म्हणून सांगितलं.

"ह्यो तांबडा गोल पुसा आदी. जपान्याच्या इमानावर असतोय ह्यो. आमच्या डोक्यावर हीच येत्यात."

तो गेल्यावर सासूनं विमान उचललं. "माझ्या लेकावर चालून जाणारं इमान कुंकू लावून पुजतीस व्हय गं?"

"आवं आत्याबाई, नव्या वस्तूला कुंकू लावायचं तुमीच शिकवलंसा."

विमान चुलीत गेलं.

त्यानंतर तिचं कामापुरतं बोलणंही आटलं. ती पाण्याचा तांब्या आपटायची, त्यावरून तिला काय हवं ते मी समजून घ्यायचे. दुसरं विमान मी केलं नाही. ताटं दारात ढिगानं पडली होती, पण हात जाईना. कुंकवाच्या गोलानं लढाईत काही घडत बिघडत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. सासूला कळत नव्हतं, आणि समजावणार कोण?

दिराचा पाय बरा झाला. तो परत लढाईवर गेला. लढाई संपल्यावर तो आला, शेजारच्या वाडीतले दोघं आले. नवरा आला नाही. कुठं पडला ते कुणी सांगू शकलं नाही. सासू त्यानंतर बरीच वर्षं जगली. मी अजून आहे.