खाल्ला तरी चालेल असा गोठा

माझी मुलगी दीड वर्षाची असताना जगातली प्रत्येक वस्तू तिला एकदा तरी चाखून बघायची होती. चपलेचा अंगठा, कुंडीतली माती, शेजारच्या काकूंचा पदर, सगळ्यांची परीक्षा झाली होती. अशा बाईसाहेबांना घेऊन मी नाताळाला आष्ट्याजवळच्या माहेरी गेले, तर बाबांनी दारातच जाहीर केलं, "औंदा नातीसाठी येशूच्या जन्माचा गोठा मी करनार."

बाबा आता घरची शेती बघतात, पण आधी मिलिटरीत होते. माझ्या लहानपणी नाताळ आला की त्यांची सुट्टी हटकून दुसऱ्याच कुणाच्या तरी वाट्याला जायची. मी आमच्या चर्चमधल्या इतरांच्या घरचे गोठे बघून यायची आणि घरी आईशी भांडायची. आमच्या घरी गोठा कधी झालाच नाही. निदान नातीचा तरी चुकू नये, असं त्यांनी मनावर घेतलं होतं.

"प्लास्टरच्या मूर्ती नकोत, तुकडा घशात अडकेल. मणी नकोत, टाचण्या नकोत, रंगसुद्धा नको," मी बजावलं.

"मग ऱ्हायलं काय?" आई म्हणाली. "नुसती प्रार्थना?"

बाबांनी फौजी डोकं लढवलं. पोरगी खाणारच, तर खाण्याचाच गोठा करू! त्यांनी कणीक घट्ट मळली आणि तिच्या तोंडात मावणार नाहीत एवढ्या मोठ्या मूर्ती घडवल्या. मरीयेला पालकाचा रस, योसेफाला हळद, बाळाच्या दर्शनाला आलेल्या राजांना बीट, मेंढपाळांना नुसती कणीक. योसेफ थेट हवालदारासारखा ताठ उभा. छपराला आईची वाळलेली भाकरी, गव्हाणीत मेथीची पानं; बाळ येशू तेवढा नाताळच्या रात्री ठेवायचा. आईनं एकदा बघितलं आणि म्हणाली, "आवं, हे काय, देवाचा जन्म हाय का पंगत?"

नातीनं गोठ्याकडे बघितलं, एक राजा उचलला, चाटला आणि "थू" करून टाकून दिला. चप्पल खाणारी पोर, पण आजोबांच्या हातचं तिला चालेना. बाबांचा चेहरा उतरला. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

नाताळाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही सगळे चर्च सजवायला गेलो. सांजच्याला परत येतो तो परसातली शेळी दावं तोडून सोप्यात गोठ्यापुढं उभी. मेथी फस्त, छप्पर फस्त, मरीया, राजे, मेंढपाळ, सगळे फस्त. योसेफाचे तेवढे पाय उरले होते. पोरीपासून गोठा वाचवायला आम्ही इतकं डोकं लावलं, पण घरात शेळी आहे हे शेतकऱ्याच्या घरात एकालाही आठवलं नाही.

"कुनाला तरी चव आवडली म्हनायची," आई म्हणाली. बाबा हसले नाहीत. कॉटवर बसून राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि आईनं पुढची थट्टा गिळली.

मी शेळीला नेऊन परसातल्या तिच्या छपरात बांधलं. पोरगी मागोमाग आली आणि शेळीशेजारी कडब्यावर फतकल मारून बसली. आल्यापासून इतकी खूश मी तिला बघितली नव्हती. "आबा, बश!" ती ओरडली. पुन्हा ओरडली. शेवटी आईनं बाबांना उठवलं. "जावा, वरिष्ठांचा हुकूम हाय."

बाबा गुडघे धरत वाकून आत शिरले आणि कडब्यावर बसले. पोरीनं त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून त्यांच्या डोक्यावर टाकला आणि मांडीत चढून बसली. शेळी रवंथ करत होती. मी दारात उभी राहून फोटो काढायला मोबाईल वर धरला, तर बाबा म्हणाले, "ठेव ते. आत ये."

"जागा कुठंय, बाबा?"

ते शेळीला ढकलून जरा सरकले. "ये गं," ते म्हणाले. "तुजाच गोठा करायचा ऱ्हायला हुता."