लामर्टचा डावा दिवा

बेरेंडच्या गोठ्यात आता गाई नाहीत. हिवाळाभर तिथे आसपासच्या गावांतल्या कॅरव्हॅन मुक्कामाला असतात. गाडीमागे जोडून न्यायची ही चाकांवरची घरं एकमेकांना इतकी खेटून उभी असतात, की मधून जायचं तर पोट आत घ्यावं लागतं. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी बेरेंड ट्रॅक्टरने एकेक बाहेर ओढतो आणि अंगणात जत्रा भरते. कुणी हवा भरतं, कुणी मेलेल्या गांधीलमाश्या झाडतं, कुणी बुरशीच्या वासाने नाक मुरडतं.

लामर्ट या जत्रेतला जाणकार. उभं आयुष्य त्याने लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलं. अडकलेल्या माणसांना दाराआडून धीर देताना त्याची जीभ सुरळीत चाले; समोर माणूस आला की मात्र ती टाळ्याला चिकटे. त्याच्या कॅरव्हॅनमध्ये खोट काढायला जागा नसे. गाद्या उभ्या करून ठेवलेल्या, कोपऱ्यात ओल शोषणारे डबे, नळातलं पाणी थंडीआधीच काढून टाकलेलं. हँडब्रेक तर तो हिवाळ्यात लावतच नसे, चाकांना ठोकळे लावी. ओढून ठेवलेला ब्रेक दमट हवेत चिकटून बसतो. दरवर्षी कुणीतरी हे विसरे आणि लामर्ट हातोडी घेऊन त्याच्या चाकाशी बैठक मारी.

अशा माणसाने यंदा स्वतःच्या हाताने स्वतःची कॅरव्हॅन बिघडवली होती.

कारण होती हिली. तिची कॅरव्हॅन त्याच्या शेजारी उभी असे. हिली पोहायला शिकवायची. तलावाच्या या टोकाकडून त्या टोकाला हाक मारून मारून तिचा आवाज असा झाला होता, की ती हळू बोलली तरी शेजारच्या शेतातल्या मेंढ्या मान वर करत. निघण्याआधी कॅरव्हॅनचे मागचे दिवे तपासायला दोन माणसं लागतात. एकाने गाडीत बसून बटणं दाबायची, दुसऱ्याने मागे उभं राहून ओरडायचं. नवरा-बायकोंची वर्षातली पहिली भांडणं याच कामावरून होतात. लामर्टची बायको वारली होती, हिलीचा घटस्फोट जुना. म्हणून ही दोघं एकमेकांचे दिवे तपासत. काम चटकन उरकायचं, मग ती समुद्राकडे जायची, तो जंगलाकडे, आणि पुढची भेट पानगळीत.

‘या वेळी माझ्याबरोबर चल’ एवढंच त्याला म्हणायचं होतं. हिवाळाभर ते वाक्य त्याने घोटलं होतं. पण ते तोंडातून निघायला वेळ हवा, म्हणून सकाळी कुणी नसताना त्याने कॅरव्हॅनचे दिवे गाडीला जोडणारा प्लग उघडून डाव्या दिव्याची तार सैल केली होती.

“डावा लाव!” हिली मागून ओरडली.

त्याने लावला.

“नाही! उजवा? हो! ब्रेक? हो! परत डावा? अरे लामर्ट, तुझा डावा गेला!”

“बल्ब असेल,” तो खाली उतरत पुटपुटला. “बघायला हवं. वेळ लागेल. तू... तू कॉफी घेणार?”

“कॉफी राहू दे. प्लग दाखव.”

“प्लग ठीक आहे गं!”

पण हिलीने तोवर प्लग उघडलाही होता. तिने चष्मा कपाळावर चढवला, मग पुन्हा नाकावर घेतला.

“सगळे स्क्रू काळवंडलेले आणि हा एकटाच कसा चकचकीत? आजच कुणीतरी फिरवलाय. लामर्ट, तू?”

लामर्टचे कान लाल झाले. समोर दार नव्हतं, आडोसा नव्हता. “हो,” तो म्हणाला. “तू लगेच निघून जातेस ना. मला विचारायचं होतं, माझ्याबरोबर येतेस का जंगलात. म्हणजे, तुझी कॅरव्हॅन घेऊन. शेजारी.”

हिली हसली ती अशी, की अंगणातले पंप थांबले.

“शेजारी? म्हणजे सकाळी कॉफीसाठी मी नाइटगाऊनवर चिखल तुडवत यायचं? ते जमणार नाही. एकच कॅरव्हॅन न्यायची, आणि ती माझी. तुझा पलंग लिफ्टएवढा आहे, मी पाहिलाय!”

“कधी पाहिलास गं?” हवा भरणारी एक बाई ओरडली.

“खिडकीतून, भवाने!”

सगळं अंगण खदखदलं. लामर्ट मात्र अजून तिच्याकडेच पाहत होता.

“म्हणजे... येतेस?”

“येते. आधी तुझं जंगल, मग माझा समुद्र. गाडी मी चालवणार. तू तार घट्ट कर आधी, शहाण्या माणसासारखा.”

बेरेंडने मात्र कपाळाला हात लावला. “लामर्टची परत आत? अरे, आत्ता बाहेर काढली ना मी! मधे सहा उभ्या केल्यात!”

“ट्रॅक्टर नको,” लामर्ट म्हणाला. “ढकलतो आम्ही.”

मग सगळे आले. कुणी कोपरा धरला, कुणी बाजू, बेरेंड शिव्या देत पुढून दिशा दाखवू लागला आणि हिली मधोमध उभी राहून सगळ्यांना दम देऊ लागली. त्या दिवशी गोठ्यातून बाकी सगळी घरं बाहेर निघत होती, फक्त लामर्टचं आत चाललं होतं, आणि ते ढकलताना सगळ्यांत जास्त जोर लामर्टच लावत होता.