ओसरीवर सांगितलेलं घर

जुन्या कादंबऱ्यांचं वेड मला नोकरीत लागलं. मी कचेरीत टायपिस्ट होते. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण वाचनालयातून दोघींत मिळून एक पुस्तक आणायची आणि जेवणाच्या सुट्टीत आम्ही ते आळीपाळीनं वाचायचो. निवृत्तीनंतर ती मुलाकडं बेंगळुरूला गेली. मी लग्न केलं नव्हतं, आई-वडील केव्हाच गेले होते. सिडकोतल्या दोन खोल्यांत मी आणि पुस्तकं उरलो.

दौलताबादच्या रस्त्यावर शंभर वर्षांपूर्वीचं गाव उभारलंय, असं पेपरात आलं होतं. तिथं माणसं जुन्या पेहरावात सूत काततात, दळतात आणि विचारलं तर त्या काळातलीच असल्यासारखी बोलतात. मैत्रीण फोनवर म्हणाली, "दिवाळीत येते, तेव्हा जाऊ." दोन दिवाळ्या गेल्या. शेवटी या फेब्रुवारीत एका गुरुवारी मी एकटीच निघाले. आईचं इरकली नऊवारी लुगडं नेसले. आरशात बघताना लाज वाटली, पण ज्या घरांत मी मनानं इतकी वर्षं वावरले, तिथं रोजच्या साडीत जावंसं वाटेना.

तिकिटाच्या खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "किती जण?"

"एकच."

"बाकीचे मागून येतायत का?"

"नाही."

आत सगळं वाचलं होतं तसंच होतं. उतरंड, शिंकं, भिंतीतलं फडताळ. एका स्वयंपाकघरात मी मोठ्यानं म्हणाले, "अगं, हे बघ!" मागं कुणीच नव्हतं.

पुढच्या घराच्या ओसरीवर जातं होतं, दळणारी बाई जेवायला गेली असावी. पाय दुखत होते म्हणून मी टेकले. तेवढ्यात आई, वडील आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी आली. आईनं मुलीला पुढं ढकललं, "विचार ना आजींना."

"आजी, तुम्ही इथं काय करता?"

मीही तिकीट काढून आलेय, एवढंच सांगायचं होतं. तोंडातून निघालं, "दळण झालं, जरा बसलेय. सून पाण्याला गेलीय."

"तुमच्या घरी कोण कोण आहे?"

"थोरला शेती बघतो, धाकटा तालुक्याला वकिलाकडं कारकून आहे. धाकट्या सुनेला बाळंतपणाला माहेरी धाडलंय. नणंद आमच्यातच असते. तिला वाचता येतं, दुपारी ती आम्हाला पोथी वाचून दाखवते."

"आणि आजोबा?"

"काशीला गेलेत."

"कधी येणार?"

"पत्र आलंय. येतील आता."

"तुम्ही त्यांची वाट बघता?"

"हो," म्हटलं आणि मला खाली बघावं लागलं. कुणीच कधी कुठं गेलं नव्हतं. वडिलांनी फोटो काढला. मुलगी वळणापर्यंत मागं बघून हात हलवत राहिली.

"मला वाटलं, नवी बाई ठेवली," दारातून आवाज आला. चाळिशीची, लुगडं खोचलेली बाई हातात डबा घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी घाईनं उठले.

"बसा हो. लई गुंतली होती पोरगी. आमाला पाठ करायला कागद देतेत, त्यात असलं काय नाय." ती देवगाव रंगारीची होती, रोज बसनं यायची. शेजारी बसत तिनं विचारलं, "खरं कोण कोण हाय घरी?"

"कुणी नाही. मी एकटीच."

ती हळहळली नाही. डब्यातली उरलेली अर्धी भाकरी आणि ठेचा तिनं माझ्या हातावर ठेवला. "खावा. जेवला नसाल." मी खात होते तेव्हा तिचा फोन वाजला. चार्जर कुठंय, असं मुलगा विचारत होता. तिनं सांगितलं आणि फोन परत कमरेला खोचला.

मी निघताना ती म्हणाली, "ऐतवारी या. लई गर्दी असती, बोलून बोलून तोंड दुखतं. तुमी सांगा, मी दळते."

पुढचे दोन दिवस मी स्वयंपाकघरात मोठ्यानं बोलत होते. मुलांना नावं ठेवली. नणंदेला गोड आवडतं, हे ठरवलं. निवृत्तीनंतर इतकं काम मला कधीच नव्हतं.

रविवारी सकाळीच पोचले. जात्यापाशी एक तरुण मुलगी होती.

"त्या मावशी? त्यांच्या लेकीला दवाखान्यात नेलंय, बाळंतपणाला. आता परत येतेत का नाय, म्हाईत नाय."

मग ती समोरच्या घोळक्याला जात्याची माहिती सांगू लागली, शाळेतल्या कवितेसारखी. मी खांबाला टेकून उभी राहिले. कुणीतरी काही विचारेल, असं बराच वेळ वाटत होतं. एका माणसानं हाक मारली, "मावशी!"

मी पुढं झाले.

"जरा बाजूला होता का? फोटोत येताय."

मी बाजूला झाले आणि मिळाली त्या बसनं घरी आले.

परत तिकडं गेले नाही. मध्यवर्ती स्टँडवर देवगावची गाडी लागलेली दिसली की मात्र मी चढणाऱ्या बायकांचे चेहरे बघत राहते. तिला विचारावं, लेकीला काय झालं. पण हाक कशी मारणार? तिचं नाव मी विचारलंच नव्हतं.