गोठ्यातला राउटर

केंदूरला आमच्याकडं वायफाय जोडणारा माणूस चपला लांब काढतो, पाणी उभ्यानंच पितो आणि बोलताना नजर वर करत नाही. बिबट्याच्या भीतीनं गोठ्यात कॅमेरा लावला, पण तिथवर घरातलं नेट पोचेना. मग त्यानं गोठ्यात दुसरा राउटर बसवला.

"दोन्हीला एकच पासवर्ड ठिवलाय, ताई. कुठंबी फिरा, नेट तुटायचं न्हाई."

परवा मी डेअरीवर दूध घालत होते, तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "आज धारंला एकट्याच व्हता व्हय?"

मी घरी कुणालाच बोलले नाही. आल्या आल्या दोन्ही राउटरचे पासवर्ड तेवढे बदलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच मऊ.

"ताई, पासवर्ड बदलला व्हय? कालपासनं तुमी दिसंना मला."