पाऊण भाकरीचा सर्व्हे

अक्कलकोटला मी जाते ती स्वामींच्या दर्शनाला. या खेपेला आणखी एक काम होतं. अक्कलकोटच्या पुढं माझं माहेर, आणि तिथं वहिनी सरपंचपदाला उभ्या होत्या. अंगणवाडीची नोकरी सोडून उभ्या, म्हणजे पडल्या तर ना खुर्ची ना पगार. मतदान चार दिवसांवर आलं होतं.

तुम्ही जाणार असाल तर सोलापूर स्टँडवरून सकाळची एसटी धरा. आम्हा बायकांना अर्धं तिकीट. उजवीकडची खिडकी बघा, डावीकडं ऊन येतं. दर्शन झालं की अन्नछत्रात पोटभर प्रसाद मिळतो. फुकट म्हणून हात झटकून निघू नका, पेटीत काहीतरी टाका. पुढं गावापर्यंत वडाप जीप. चौघांच्या जागेत सात बसतात, भाडं मात्र प्रत्येकाचं पूर्ण.

घरी दादा खुशीत होता. सोलापूरच्या एका साहेबांकडून त्यानं सर्व्हे करून घेतला होता. कागदावर भाकरीसारखा गोल, त्यातली पाऊण भाकरी आमच्या रंगाची.

"वीस किलो पेढे सांगून आलोय, मंगल!"

वहिनी कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या. "वन्सं, मला प्रचाराला हिंडू देईनात. म्हणतात, जिंकणारी बाई दारोदार फिरत नसते."

मी दादाला विचारलं, "साहेब कशानं फिरले रे?"

"आपल्याच जीपनं की."

"वहिनींचा फोटो लावलेल्या?"

"मग! लांबनं दिसतोय!"

मी मॅट्रिक झालेली बाई, पण एवढं मलाही कळतं. पंगतीत यजमानीण स्वतः वाढायला आली की आमटी खारट असली तरी आपण 'छान झालीय' म्हणतो.

दुसऱ्या दिवशी घोंगडं बघायच्या निमित्तानं ओढ्यापलीकडच्या धनगरवस्तीवर गेले. पायी वीस मिनिटं. पाण्याची बाटली न्या, तिथला हापसा कोरडा आहे. सोनाबाई नावाची म्हातारी दारात लोकर पिंजत होती.

"सर्व्हेवाले आले होते का, आजी?"

"आलं हुतं की. उन्हातनं आल्यालं माणूस, न्हाय कसं म्हनायचं? च्या पाजला, म्हनलं तुमच्याच बाईला."

"आणि समोरच्या पार्टीचे?"

"ते बी आलं. त्यास्नी बी च्या पाजला."

"त्यांना काय सांगितलंत?"

"तेच की! च्या एक आन् बोलनं दोन, आसं कसं करायचं?"

"मग खरं मत कुणाला?"

म्हातारी हसली. "हापसा दोन वर्सं बंद हाय. त्याचं कुनीच इचारलं न्हाय. कागुद घिऊन येत्यात, नाव इचारत्यात, जात्यात."

मी घरी येऊन सगळं सांगितलं. दादा म्हणाला, "एका म्हातारीवरनं सर्व्हे खोटा ठरतो व्हय?" पण वहिनी ताट बाजूला सारून उठल्या. पायात चपला घातल्या आणि म्हणाल्या, "जीप नको. चालत जाते." त्या दिवशी वस्तीवर वहिनींनी मत मागितलंच नाही. हापशाशी उभ्या राहून दांडा हलवला, घाम पुसला आणि विचारलं, "ह्याचं काय काय मोडलंय?" पुढचे दोन दिवस त्या अशाच दारोदार फिरल्या. मी संध्याकाळच्या एसटीनं परत आले.

निकालाच्या दिवशी देवासमोर बसले होते तेव्हा फोन आला. वहिनी चार मतांनी निवडून आल्या. चार! पाऊण भाकरीतला तुकडासुद्धा नव्हे, कडेचा पापुद्रा. तरी साहेबांनी गावात बोर्ड लावला, 'आमचा अंदाज तंतोतंत खरा'. दादानं त्या बोर्डाला हार घातला. समोरच्या पार्टीनंही पेढे सांगून ठेवले होते म्हणे, त्यांच्या गोलात त्यांची पाऊण भाकरी होती. आता पडलेला उमेदवार वस्तीवर घरोघरी विचारत फिरतोय, आणि प्रत्येक घर त्याला चहा पाजून सांगतंय, "तुलाच दिलं की, बाबा."

महिन्याभरानं वहिनींचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. "वन्सं, हापसा दुरुस्त करायला माणूस पाठवला होता. सोनाबाईंना विचारलं, पाणी येतंय का? म्हणाल्या, लई येतंय!"

"तुम्ही कुठून विचारलंत?"

"पंचायतीच्या जीपमधनंच. घाईत होते."

मी म्हटलं, "वहिनी, जीपमधनं उतरा. जाऊन स्वतः दांडा हलवून बघा."