ओढ्याच्या वरच्या अंगाला
वाशी गावाजवळ ओढ्याकाठी, माझ्या शेताच्या वरच्या अंगाला एक शेजारी जमीन कसतो. नाव मी मुद्दामच विचारलं नाही. आम्ही सगळे थेट काठापर्यंत नांगर घालतो; हा काठाला गवताचा रुंद पट्टा राखतो, त्यामुळं पावसात त्याची माती ओढ्यात उतरत नाही. फवारणी झाली की औषध ओढ्यात जायला नको म्हणून घागरीनं पाणी नेऊन पंप शेतातच धुतो. गाव त्याचं कौतुक करतं अन् माझा जळफळाट होतो.

एकदा मी खवचटपणे म्हटलं, “एवढी जागा वाया घालवता व्हय?”

हात पुसत तो म्हणाला, “वाया कुठं? खाली तुमची म्हस पाणी पिती की.”

म्हसही गावासारखीच. वैरण माझी खाते, पाणी माझ्या काठावर पिते, अन् तोंड त्याच्या शेताकडं!